न ठरवता आलेले बाळ: तरुण आईवडिलांनी कोणती मदत, कुठे आणि केव्हा मागावी

बाळ ठरवून आलेले असो वा न ठरवता, आशाताईच्या वहीत दोघांचीही नोंद एकाच रकान्यात होते. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, एकोणीस-वीस-बावीस वर्षांच्या जोडप्याला किंवा एकट्या मुलीला अचानक दिवस गेल्याचे कळते, तेव्हा पहिले तीन-चार महिने बहुधा ती गोष्ट लपवण्यात जातात. आणि महाराष्ट्रात मिळणारी जवळजवळ प्रत्येक मदत, मग ती पैशांची असो, औषधांची असो वा आहाराची, कुठल्या ना कुठल्या नोंदीपासून सुरू होते. लाजेपायी नोंद लांबते आणि नोंद लांबली की मदत हुकते. म्हणून कोणती नोंद कुठे व कधी करावी, हाच धागा धरून पुढील माहिती मांडली आहे.

ही माहिती बाळ वाढवायचे असे ठरवलेल्यांसाठी आहे. ज्यांचे अजून ठरलेले नाही त्यांनी वेळ दवडू नये, कारण १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या निकालानंतर २४ आठवड्यांची ही मुदत अविवाहित स्त्रियांनाही लागू आहे. सज्ञान स्त्रीला यासाठी नवऱ्याची, आईवडिलांची किंवा अन्य कोणाची संमती लागत नाही. निर्णय तिचा आहे आणि तो कोणत्याही बाजूने झाला तरी दबावाखाली होऊ नये.

पहिली नोंद

गरोदरपणाची नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हावी, अशी आरोग्य विभागाची अपेक्षा असते. गावात ती उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, शहरात महापालिकेच्या दवाखान्यात, प्रसूतिगृहात किंवा आरोग्य केंद्रात. नोंद झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. हे कार्ड म्हणजे पुढच्या दोन वर्षांची किल्ली आहे: तपासण्या, रक्ताचे प्रमाण, धनुर्वाताची इंजेक्शने, प्रसूतीची माहिती आणि नंतर बाळाचे सगळे डोस त्यावरच लिहिले जातात आणि योजनेचा अर्ज करतानाही हेच कार्ड मागितले जाते.

पण आशाताई त्याच गल्लीत राहते, तिची जाऊ आपल्या आईच्या बचत गटात आहे, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी पाणवठ्यावर पोहोचेल, अशी भीती बहुतेक मुलींना वाटते. ती भीती खोटी नसते. अशा वेळी नोंद टाळण्याऐवजी ती दुसऱ्या ठिकाणी करावी: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा शहरातल्या सरकारी रुग्णालयात थेट जाऊन डॉक्टरांना भेटावे आणि माहिती गुप्त ठेवावी, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचे पद असते. कागदपत्रे, पैसे, घरातला ताण, निवारा यांबाबत रुग्णाला मार्ग दाखवणे हेच त्या व्यक्तीचे काम असते, पण बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हे दालन कोणाच्या नजरेस पडत नाही. केसपेपर काढतानाच ते कुठे आहे हे विचारून घ्यावे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. वीस वर्षांच्या आतल्या मातेला रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका अधिक असतो, त्यामुळे लोहाच्या गोळ्या पोट बिघडवतात म्हणून उशाखाली ठेवून देणे परवडणारे नाही. त्या रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर घेऊ नयेत आणि कॅल्शियमच्या गोळीच्या वेळेला तर मुळीच घेऊ नयेत, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही.

दुसरी नोंद अंगणवाडीची. गरोदर स्त्री, सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाची स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षे वयाचे बाळ यांना अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातेला एक वेळचे चौरस गरम जेवण दिले जाते. अंगणवाडीच्या पाकिटातल्या पिठाला नाके मुरडण्याची पद्धत आहे. थोडा गूळ आणि तूप घालून त्याचीच लापशी किंवा थालीपीठ केले तर ते सहज खाता येते.

घरी सांगताना

सगळ्यांना एकदम सांगू नये. घरातल्या ज्या एका माणसाचा शब्द चालतो, मग ती आत्या असो, मोठी वहिनी असो वा मामा, त्याला आधी विश्वासात घ्यावे आणि त्याच्यासोबत आईवडिलांसमोर बसावे. त्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन आलेले असावे, कारण “दिवस गेलेत” एवढ्याच वाक्यापेक्षा “चौथा महिना आहे, तपासणी झाली आहे, प्रसूती अमुक रुग्णालयात करायची आहे” हे ऐकणाऱ्याचा राग निम्म्याने उतरतो. मुलगा आणि मुलगी या दोघांनीही बोलावे. मुलगा गप्प आणि मुलगी रडते आहे, असे दृश्य झाले की पुढची कित्येक वर्षे दोष तिच्या एकटीच्या पदरात पडतो.

मारहाणीचा किंवा घरात कोंडून ठेवण्याचा धोका असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही. तेव्हा आधी सुरक्षित जागी पोहोचावे, ११२ वर पोलिसांना किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरची मदत मागावी. तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकाच छताखाली मिळते.

बहुतेक घरांतला पहिला तोडगा म्हणजे घाईघाईने लावलेले लग्न. दोघांची इच्छा असेल आणि मुलगी १८, मुलगा २१ वर्षांचा झालेला असेल तर त्यात वावगे काही नाही; विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे लक्षात ठेवून तारीख धरावी. पण बाळाला सरकारी दवाखाना मिळावा, लस मिळावी, जन्मदाखला मिळावा यासाठी लग्न ही अट नाही. ज्या माणसासोबत राहायचेच नाही त्याच्याशी केवळ कागदासाठी लग्न लावून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो कागद लागत नाही आणि नंतरच्या घटस्फोटाला मात्र वर्षे लागतात.

प्रसूतीचा खर्च आणि हाती येणारे पैसे

सरकारी रुग्णालयातल्या प्रसूतीसाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली पैसे लागत नाहीत. नैसर्गिक प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण, तसेच घरातून रुग्णालयात आणि तिथून घरी सोडण्याची गाडी हे सगळे त्यात येते, आणि आजारी बाळाला वर्षभर मोफत उपचार मिळतात. गाडीसाठी १०२ लावावा. रक्तस्राव, झटके, बेशुद्धी अशी आणीबाणी असेल तर १०८. बाहेरून औषधे आणायला सांगितलेच तर चिठ्ठीवर तसे लिहून मागावे. बहुतेक वेळा तेवढ्यावर औषध आतूनच मिळते.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात: गरोदरपणाची वेळेत नोंद आणि किमान एक तपासणी झाली की ३,००० रुपये, आणि बाळाची जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस पूर्ण झाले की २,००० रुपये. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळतात. अन्नसुरक्षा योजनेतली शिधापत्रिका, असंघटित कामगारांचे ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा वार्षिक आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाचा दाखला यांपैकी एखाद्या आधारावर पात्रता ठरते. मातेचे वय किमान १८ वर्षे ७ महिने असावे लागते. पतीचे आधार कार्ड आता बंधनकारक नाही, त्यामुळे एकट्या मातेलाही अर्ज करता येतो. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईमार्फत करता येतो, तसेच योजनेच्या पोर्टलवर स्वतःलाही भरता येतो.

या योजनेत अर्ज फेटाळला जाण्यापेक्षा पैसे वाटेतच अडकण्याचे प्रकार अधिक होतात आणि त्यांची कारणे साधी असतात. पैसे मातेच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. आता शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेले जुने खाते आधारला जोडलेले असते, ते वापराअभावी बंद पडलेले असते आणि आपण अर्जात नवे खाते देऊन निर्धास्त राहतो. बँकेत जाऊन आपले आधार सध्या कोणत्या खात्याशी संलग्न आहे, हे आधी विचारावे. नुकतेच लग्न झाले असेल तर आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरे आणि कार्डावर तिसरे असा घोळ होतो. पैसे हाती येईपर्यंत सगळीकडे एकच नाव ठेवावे, ते माहेरचे असले तरी हरकत नाही, पण एकच असावे.

दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या मातांना सरकारी प्रसूतीनंतर जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण नोंद असेल तर ती सोडून देण्याचे कारण नाही. मुलगी झाली आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडीताईकडे जरूर द्यावा: १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,००० रुपये आणि पुढे पहिली, सहावी, अकरावी आणि अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळून एकूण १,०१,००० रुपये मिळतात. आई किंवा वडील बांधकामावर काम करत असतील आणि वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी असेल, तर पहिल्या दोन अपत्यांपर्यंत नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेच्या प्रसूतीसाठी २०,००० रुपये मंडळाकडून मिळतात. वडील बिगारी काम करतात आणि नोंदणी मात्र नाही, अशी घरे पुष्कळ दिसतात. ती गरोदरपणातच करून घ्यावी.

बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले आणि अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले तर जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशु कक्ष हा पहिला पर्याय असावा. खासगी रुग्णालयात न्यावेच लागले, तर ते मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे दाखल करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, विचारावे. दागिने मोडल्यावर विचारून उपयोग होत नाही.

जन्माची नोंद

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. रुग्णालयात जन्म झाल्यास माहिती रुग्णालयच कळवते, घरी झाल्यास ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला आपण कळवायची. वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नये, कारण बाळाचे नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत फुकट घालता येते. बारसे लांबले म्हणून दाखला लांबवण्याची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना अशा अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, तेव्हा रुग्णालयाचा अर्ज भरताना आईच्या नावाचे स्पेलिंग तिच्या आधारशी ताडून पाहावे. तो अर्ज अनेकदा प्रसूतीच्या दुसऱ्याच दिवशी, अर्धवट झोपेतल्या बाबाकडून किंवा शेजारणीकडून भरला जातो आणि त्यातली चूक दुरुस्त करायला नंतर चार फेऱ्या पडतात.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांत आहे. अविवाहित आईवर वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये असे स्पष्ट केले आहे की, एकट्या किंवा अविवाहित मातेने जन्मदाखला मागितल्यास तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि दाखला द्यावा. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाला हे ठाऊक नसण्याची शक्यता धरून, निकालाची एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून घेऊन पिशवीत ठेवावी.

पहिला दीड महिना

रुग्णालयात प्रसूती झाली तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन, ताप, श्वास आणि दूध ओढणे पाहते. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याच्या या पद्धतीची मुळे गडचिरोलीत आहेत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना शिकवून ती तिथे यशस्वी करून दाखवली आणि नंतर ती देशभर गेली. म्हणून आशाताई आली की तिला दारातूनच “सगळे ठीक आहे” असे सांगून परत पाठवू नये. तिला बाळ उघडून दाखवावे.

जन्मल्यावर तासाभरात अंगावरचे दूध द्यावे आणि सहा महिने दुसरे काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. पहिला घट्ट पिवळसर चीक टाकून देण्याची जुनी रीत बाळाचे पहिले संरक्षणच काढून घेते. मध चाटवू नये, वर्षभर तर अजिबात नाही. गुटी उगाळणाऱ्या आजीशी वाद घालून घर पेटवण्यापेक्षा “डॉक्टरांनी सहा महिने नको सांगितले आहे” असे डॉक्टरांच्या नावावर खपवावे, हा मार्ग सोपा पडतो. दूध कमी येते असे तरुण आईला हमखास वाटते, आणि डब्यातल्या दुधाच्या पावडरीचा खर्च इथूनच सुरू होतो. बाळ दिवसातून सहा-आठ वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे. बाळ अशक्त असून आईचे दूध उतरलेच नसेल तर मातृदुग्ध पेढी जवळ आहे का, हे विचारावे. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली पेढी सुरू झाली आणि आज राज्यातल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत ती सोय आहे.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास जोरात चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आईला खूप रक्तस्राव, थंडी वाजून ताप, दृष्टी अंधुक होऊन डोके दुखणे किंवा एका पायाला सूज यांपैकी काही झाले तरीही तसेच.

बाळाचे डोस जन्मल्यावर, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, पुढे नऊ महिन्यांनी आणि दीड वर्षाच्या आसपास असतात. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातल्या सगळ्या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

बाबाने या काळात काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. बाळंतिणीची खोली बायकांची, असे म्हणून त्याला बाहेर काढले जाते आणि तोही सुटल्यासारखा निघून जातो. लंगोट धुणे, रात्री दूध पिऊन झालेल्या बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, कागदपत्रांच्या फेऱ्या, डोसाच्या दिवशी रांगेत उभे राहणे ही कामे त्याच्याकडे नेमून द्यावीत. दूध पाजणे सोडले तर बाळाचे एकही काम असे नाही जे पुरुषाला जमत नाही.

एक गोष्ट रुग्णालयातून घरी येण्याआधीच बोलून घ्यावी. अंगावर पाजताना दिवस जात नाहीत, या समजुतीवर विसंबून वर्षाच्या आत दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या मुली थोड्या नाहीत. प्रसूतीनंतर लगेच बसवता येणारी तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन, छाया ही गोळी आणि निरोध हे सगळे सरकारी केंद्रांत मोफत मिळते. अंगावर पाजणाऱ्या आईला यांतले काय आणि केव्हापासून चालेल, हे परिचारिकेला विचारावे. दोन बाळांत किमान तीन वर्षांचे अंतर असावे.

नोकरी आणि शिक्षण

गेल्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ही मुदत १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली केलेल्या दुरुस्तीने आली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. या तरतुदीत ‘स्त्री’ हा शब्द आहे, ‘पत्नी’ नव्हे, त्यामुळे अविवाहित कर्मचारीही त्यात येते. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पगारातून ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होत असेल तर रजेचे पैसे मालकाऐवजी ईएसआयसीकडून मिळतात.

शिक्षण सोडू नये. एक वर्ष मागे पडले तर चालते, नाव कमी झाले तर परत लावायला कोणी येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा आणि हजेरीतील सवलतीचे नियम करण्यास सांगितले आहे, त्या आधारे प्राचार्यांकडे लेखी अर्ज करावा. शाळाच सुटली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी किंवा बारावीला खासगीरीत्या बसता येते. तो परीक्षेच्या बरेच महिने आधी भरावा लागतो. पुढच्या पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, जिथे रोज वर्गात बसावे लागत नाही. बाळ साधारण वर्षाचे होईपर्यंत कामासाठी आजी किंवा शेजार यांवर भागते, नंतर मात्र पाळणाघराचा शोध घ्यावा लागतो, आणि तो शहरात महाग आणि खेड्यात कठीण असतो हे मान्य केले पाहिजे.

एकटी आई, आणि अठराच्या आतली आई

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा तिथे येणाऱ्या स्त्रियांना मिळणारी सर्वांत मोठी सोय म्हणजे गुप्तता होती. तिथे जन्मलेल्या यशवंतला या दांपत्याने दत्तक घेतले. आजही काही मुलींना काही महिने ओळखीच्या नजरांपासून लांब राहावे लागते. त्यासाठी शासनाची महिला निवारागृहे आणि शक्ती सदने आहेत, आणि पुण्याजवळच्या वढू बुद्रुक येथे १९९७ साली सुरू झालेल्या ‘माहेर’सारख्या संस्था आहेत. जिल्ह्यात अशी जागा कुठे आहे, हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात कळते.

तेच कार्यालय बालसंगोपन योजनेचेही आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एकल पालकाच्या, त्यात अविवाहित मातेच्याही, बाळासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि बाळ १८ वर्षांचे होईपर्यंत ते चालू राहू शकतात. ही योजना लोकांना इतकी कमी माहीत आहे की मला ती दोनदा सांगावीशी वाटते. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात, मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अवघी २१,००० रुपये असल्याने उत्पन्नाच्या दाखल्यावर बरेच अर्ज अडतात.

वडिलांनी हात वर केले तरी बाळाची जबाबदारी त्यांच्यावर राहते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार बाळाच्या पोटगीसाठी अर्ज करता येतो आणि आईवडिलांचे लग्न झालेले नसले तरी बाळाचा तो हक्क जात नाही. स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा अधिकार १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

आई अठराच्या आतली असेल तर प्रश्न वेगळा होतो. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्यानुसार हे प्रकरण, मुलीची संमती असली आणि घरच्यांनी लग्न लावून दिलेले असले तरी, गुन्ह्याचे ठरते आणि रुग्णालयाला पोलिसांना कळवावेच लागते. या भीतीने मुलीला घरीच बाळंत करण्याचा विचार होतो आणि तो तिच्या जिवावर बेतू शकतो. पोलिसांना कळवले म्हणून उपचार थांबत नाहीत, थांबवताही येत नाहीत. १०९८ वर फोन केल्यास चाइल्ड हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती मुलीच्या संरक्षणाची, निवाऱ्याची आणि शिक्षणाची व्यवस्था पाहतात, आणि अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेखालील अर्थसाहाय्याचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो.

खूप प्रयत्न करूनही बाळ सांभाळणे शक्य नाही असे वाटले तर ते देवळात, बसस्थानकावर सोडू नये आणि ओळखीतल्या निपुत्रिक जोडप्याला परस्पर देऊनही टाकू नये. बाल कल्याण समितीसमोर बाळ रीतसर स्वाधीन करता येते. समिती आधी समुपदेशन करते, माहिती गुप्त ठेवते आणि स्वाधीन केल्यापासून ६० दिवस आईला निर्णय फिरवण्याची मुभा असते.

आईचे मन

प्रसूतीनंतर पहिले आठ-दहा दिवस उगाच रडू येणे, चिडणे हे अनेकींना होते आणि ओसरते. दोन आठवडे उलटूनही झोप उडालेली असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, आपण नालायक आहोत असे सतत वाटत असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाळ आपणच “नको होते” असे एकदा मनात आले होते, म्हणून ही शिक्षा मिळते आहे, असे न ठरवता आई झालेल्या मुलींना वाटते. त्या ते बोलून दाखवत नाहीत, तेव्हा घरच्यांनी थेट विचारावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतून आणि फुकट बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, कोणी कानात बोलते आहे असे वाटत असेल तर तिला क्षणभरही एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

शेवटी फाईल. चाळीस रुपयांची प्लास्टिकची फाईल घ्यावी आणि तिच्यात माता-बाल संरक्षण कार्ड, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखल्याच्या तीन प्रती, आईचे आधार आणि पासबुकाचे पहिले पान, शिधापत्रिकेची झेरॉक्स, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच ठेवावी. बाळाचे नाव शिधापत्रिकेत चढवून घ्यावे आणि पाच वर्षांखालच्या बाळाचे निळे आधार काढावे. त्यासाठी बोटांचे ठसे लागत नाहीत, जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचे आधार लागते. फाईलच्या आतल्या बाजूला १०२, १०८, ११२, १८१, १०९८, १४४१६ आणि १५१०० हे क्रमांक पेनाने लिहून ठेवावेत, कारण मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो.